सहीच्या आधी

चावडीतलं लोखंडी कपाट उघडत नाहीये. जुने तलाठी किल्ली फिरवतात, कोतवाल तात्या दाराच्या खालच्या कोपऱ्यावर गुडघा टेकवून दाब देतात, तेव्हा कुठं ते करकरत उघडतं. आत लाल फडक्यात बांधलेली दप्तरं, वर धुळीचा थर, एका खणात शिक्क्यांचा डबा आणि वाळलेली शाईची गादी. नव्या तलाठी मॅडम ओढणी कमरेला खोचून पुढं होतात आणि पहिलं दप्तर स्वतः उचलून टेबलावर ठेवतात.

सोलापूर जिल्ह्यातला हा तीन गावांचा सज्जा. जूनचा पहिला आठवडा आहे. जुन्या तलाठ्यांची बदली झालीय आणि आज दुपारपर्यंत त्यांना दुसऱ्या तालुक्यात हजर व्हायचंय. मॅडम बुलढाण्याकडच्या, वय सत्तावीस-अठ्ठावीस, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं. २०२३ मध्ये राज्यात तलाठ्यांच्या ४,६४४ जागांची भरती निघाली आणि दहा लाखांच्या वर अर्ज आले. त्या परीक्षेतून त्या आल्यात. प्रशिक्षण झालंय, एका ज्येष्ठ तलाठ्यांच्या हाताखाली काही महिने काढलेत, पण स्वतःच्या सहीचा सज्जा हा पहिलाच. बाहेरच्या पाटीवर ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं नवं पदनाम रंगवलंय. ओट्यावरचे म्हातारे आत डोकावून विचारतात, “भाऊसाहेब, नव्या तलाठीबाई ह्याच का?”

मी भिंतीलगतच्या बाकावर बसलोय. चार्ज यादीच्या चार प्रती टेबलावर पडल्यात. कपाटं दोन, टेबल एक, खुर्च्या चार पैकी एक मोडकी, प्रिंटर नादुरुस्त, शिक्के पाच. मग गाव नमुने, एक ते एकवीस: आकारबंदापासून सुरुवात, मधे सहा नंबरची फेरफार नोंदवही, सहा-क वारसांची, सात-बारा, आठ-अ, चौदा नंबरला पाण्याची साधनं. यादी व्यवस्थित आहे. जुने तलाठी घड्याळ बघत म्हणतात, “मॅडम, सगळं जिथल्या तिथं आहे. सही करून टाका, काही लागलं तर फोनवर आहेच मी.”

“करते सर. त्याआधी तीनच गोष्टी सांगा. मनाई हुकूम कुठल्या कुठल्या गटांवर आहेत? तक्रारी नोंदी कुठल्या? आणि नोटिशीची मुदत या पंधरवड्यात संपतेय अशा नोंदी किती?”

जुने तलाठी बॅग खांद्यावरून उतरवतात आणि पुन्हा बसतात. माणूस सचोटीचा आहे, हे त्यांच्या बसण्यातच दिसतं. ते आठवून आठवून सांगायला लागतात. न्यायालयीन प्रकरणांची फाईल उघडली जाते. यादीत तिच्यापुढं नुसतं ‘फाईल एक’ एवढंच लिहिलंय. आत सहा आदेश निघतात. मॅडम एकेक वाचून गट नंबर आपल्या छोट्या वहीत उतरवतात. सहाव्यानंतर जुने तलाठी कपाळाला हात लावतात, टेबलाचा खण ओढतात आणि पाकिटातच राहिलेला सातवा कागद काढून देतात. दिवाणी न्यायालयाचा, गेल्याच महिन्यातला.

हा सातवा कागद खणातच राहिला असता तर काय झालं असतं, ते सांगायला हवं. त्या गटाचं खरेदीखत घेऊन कुणी आलं असतं, नव्या तलाठ्यानं नेहमीसारखी फेरफार नोंद धरली असती, नोटिसा गेल्या असत्या, पंधरा दिवस हरकत आली नसती तर मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली असती. न्यायालयानं जैसे थे ठेवायला सांगितलेली जमीन कागदावर दुसऱ्याच्या नावे गेली असती. मग अपील, प्रांतांकडं खेटे, आणि पहिल्याच वर्षी नव्या कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस. एवढं सगळं यादीतल्या ‘फाईल एक’ या दोन शब्दांच्या मागं दडलेलं होतं.

मला या पद्धतीचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. मोडक्या खुर्चीची नोंद सरकार चार प्रतींत घेतं. कुठल्या बांधावर दोन भावांची कोर्टात केस आहे, कुठल्या सात-बाऱ्यावरचं क्षेत्र आकारबंदाशी जुळत नाही, याची नोंद एकाही प्रतीत नाही. जाणारा आणि येणारा दोघं निदान आठवडाभर एकत्र शिवारात फिरले, तर सज्जातल्या हजारभर खातेदारांची पुढच्या कित्येक महिन्यांचे हेलपाटे वाचतील. तो आठवडा कुठल्याच आदेशात नसतो. तो मॅडमनी आज दोन तासांत जमेल तेवढा मिळवलाय.

प्रलंबित नोंदींची यादी हातानं तयार करून त्या ती चार्ज यादीला जोडतात, खाली दोघांच्या सह्या होतात. जुने तलाठी जाताना तात्यांच्या खांद्यावर हात ठेवतात आणि मॅडमकडं बघून म्हणतात, “गाव समजून घ्यायचं असेल तर यांना विचारा. यादीत टाकायला पाहिजे होतं यांना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तात्यांची मोटारसायकल शिवारात शिरते. मागं मॅडम, त्यांच्या मांडीवर गटाचा नकाशा. मी दुसऱ्या गाडीवरून मागं. मृग तोंडावर आलाय, रानं कुळवून तयार आहेत, कुठं कुठं शेणखताचे ढीग अजून विस्कटायचेत. मॅडमची डिजिटल सही तहसीलमधून या सज्जाला जोडून मिळायला अजून वेळ आहे. ती मिळेपर्यंत ई-फेरफारचं काम होणार नाही. कुणी हा काळ ऑफिसात वाट बघत घालवला असता. मॅडमनी तो चालण्याला दिलाय.

“हा धुरा कुणाचा तात्या?”

“ह्यो बांध? दोघांचा. मधली बाभळ मातुर वरल्याची, आसं दोघंबी म्हणत्यात.”

मॅडम नकाशा फिरवून उत्तर दिशा जुळवतात, गट नंबर शोधतात, वहीत डाव्या पानावर नंबर आणि उजव्या पानावर तात्यांचं वाक्य जसंच्या तसं लिहितात. पुढं एक विहीर लागते. सात-बाऱ्याच्या इतर हक्कात ‘विहिरीत १/३ हिस्सा’ एवढी नोंद आहे. तात्या सांगतात की पाळी आठवड्याला बदलते, मधल्या भावाची मोटार जळाल्यापासून तो थोरल्याच्या मोटारीवर पाणी घेतो, आणि वीजबिलावरून दिवाळीपासून बोलाचाली बंद आहे. यातली एकही गोष्ट महसुली नोंद नाही. पण उन्हाळ्यात त्यातला एक जण चावडीत येऊन आरडाओरडा करेल, तेव्हा त्याला नेमकं काय बोचतंय ते तलाठ्याला कळलेलं असेल.

ओढ्याजवळ गाडी थांबते. इथून वरच्या रानांकडं जाणारी वाट आहे आणि वाटेच्या तोंडाला ताज्या बोराटीचा ढीग टाकलाय.

“मिरग बरसला की हितं भांडान हाय बगा. वरल्यांचा ट्रॅक्टर जायाचा कुठनं?”

“तहसीलदारांकडं अर्ज आहे ना यांचा? एकशे त्रेचाळीसचा?”

तात्या चमकून बघतात. मॅडमनी काल रात्री प्रलंबित फायली वाचून काढल्यात. महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. आधीपासून वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा लागतो. अर्जदारानं पहिल्या कलमाखाली मागणी केलीय. पण तात्या म्हणतात ते खरं असेल, ही वाट आजा-पणज्यापासूनची असेल, तर अर्जच वेगळा हवा होता. मॅडम वाटेच्या कडेनं दोनशे पावलं चालतात, चाकोरीची रुंदी टेपनं मोजतात, फोटो घेतात. अहवाल त्यांना अजून कुणी मागितलेला नाही. पेरणीच्या घाईत तो एका दिवसात मागितला जाईल, हे त्यांनी ओळखलंय.

शिकण्याचा हा वेग बघताना माझ्या लक्षात येतं की त्या सगळं शिकू पाहत नाहीयेत. नमुने एकवीस आहेत, कायदे कितीतरी आहेत, परिपत्रकं रोज व्हॉट्सअॅपवर येतात. त्यांनी एकच कसोटी धरलीय: पुढच्या काही दिवसांत माझी सही कशाकशावर लागणार आहे, आणि ती करण्याआधी मला निदान काय माहीत पाहिजे? बाकीचं मागं राहिलं तरी चालेल. ऑगस्टमध्ये खरिपाची ई-पीक पाहणी सुरू झाली की ती शिकायची. सध्या मृग, शाळा-कॉलेजचे प्रवेश आणि पीककर्ज.

तात्यांचा शब्द त्या घेतात, पण तपासून घेतात, हेही इथंच दिसतं. गायरानाच्या कडेला एका रानाची हद्द नकाशापेक्षा बरीच पुढं सरकलेली आहे. तात्या गाडीचा वेग वाढवतात. “ते तसंच हाय मॅडम, लई वर्सांपासनं. चला, ऊन व्हतंय.” मॅडम काही बोलत नाहीत. वहीत गट नंबर लिहून पुढं प्रश्नचिन्ह काढतात. थोडं पुढं शेरडं राखणारी एक म्हातारी भेटते. तिच्याजवळ त्या थांबतात, नाव-गाव विचारतात, पाणी मागून पितात, आणि सहज विचारतात, “आजी, गायरान कुठपर्यंत होतं हो आधी?” आजी काठीनं दाखवते. काठीच्या टोकाशी बाभळीच्या बुडात अर्धा गाडलेला हद्दीचा दगड आहे. रान तात्यांच्या चुलत भावाचं असल्याचं मला नंतर ओट्यावर कळतं. मॅडमना ते कळलंय की नाही, मी विचारत नाही. अतिक्रमणाची नोंदवही एक-ई नमुन्यात असते, आणि परत आल्यावर त्या तीच काढून बसतात.

तात्यांबद्दल इथंच सांगायला हवं. त्यांच्या निवृत्तीला वर्षही उरलेलं नाही. कोतवालांचं मानधन पूर्वी साडेसात हजार होतं, २०२३ मध्ये ते पंधरा हजारांवर गेलं. त्यांनी आठ तलाठी पाहिलेत. हातानं सात-बारा लिहायचे तेव्हा कच्ची नोंद पेन्सिलीनं व्हायची आणि सर्कलनं मंजूर केली की शाईनं गिरवायची, हे त्यांनी पाहिलंय. संगणकावर उतरवताना कुठल्या खात्याचं क्षेत्र चुकलं, कोणाचं ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून लागलेलं पोर मोठं होऊन चाळिशीला आलं तरी कागदावर अज्ञानच राहिलं, हे त्यांना तोंडपाठ आहे. एकेकाळी ही माहिती कुळकर्ण्याच्या वाड्यात पिढ्यानपिढ्या राहायची. कुळकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली आणि पगारी तलाठी आला, ते योग्यच झालं. एका घराच्या हातात सगळ्या गावाची जमीन नको. पण पगारी माणूस काही वर्षांनी बदलून जातो, आणि मग गावाची माहिती जिथं साठते तो माणूस सगळ्यांत कमी पैशांवर काम करणारा असतो. त्याची स्वतःची भावकी असते, त्याचं मिंधेपणही असतं. त्याच्याकडून शिकायचं आणि त्याला न दुखवता पडताळायचंही, हे प्रशिक्षणात कुणी शिकवत नाही.

गुरुवारी चावडीत पाय ठेवायला जागा नाही. दहावी-बारावीचे निकाल लागून गेलेत, प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, त्यासाठी तलाठ्याचा अहवाल हवा. सोसायटीच्या कर्जासाठी सात-बारा आणि आठ-अ हवा. पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सात-बारा मोबाईलवर मिळतो, हे मॅडम पुन्हा पुन्हा सांगतात. माणसं मान डोलावतात आणि तिथंच उभी राहतात. मग त्या दारातल्या एका कॉलेजच्या पोराला बोलावून घेतात. “तुला येतं ना काढता? इथं बस, सगळ्यांना काढून दे. कुणाकडून जास्तीचा पैसा घ्यायचा नाही.” अर्धी गर्दी त्या पोराभोवती सरकते.

उरलेल्यांना त्या एकच विचारतात, “शेवटची तारीख कधी?” ज्यांची उद्या आहे ते पुढं. एक बाई दटावून म्हणते, “मी सकाळधरनं उभी हाय.” मॅडम उठून तिच्यासाठी स्वतःची खुर्ची सरकवतात आणि म्हणतात, “मावशी, हिची उद्याची तारीख आहे, हिचं वर्ष जाईल. तुमचं आजच करते, बसा.” त्या दिवसाचं उरलेलं काम मॅडम उभ्यानं करतात.

उद्याची तारीख असलेली मुलगी आईबरोबर आलीय. डिप्लोमाला प्रवेश घ्यायचाय. मॅडम शिधापत्रिका बघतात, आठ-अ बघतात: शून्य हेक्टर एकसष्ट आर, म्हणजे दीड एकर.

“बागायत?”

“कुठली बागायत मॅडम. पावसावर.”

“वडील?”

“बार्शीला हमालीला जात्यात. रोज न्हाई, माल आला तर.”

मॅडम तात्यांकडं बघतात. तात्या मान हलवतात. तेवढ्यावर त्या थांबत नाहीत. महिन्याला सरासरी किती दिवस काम मिळतं, हजेरी किती, आई रोजगाराला जाते का, किती महिने, असं विचारत त्या आकडा कागदावर मांडत जातात आणि मांडलेला हिशेब आईला वाचून दाखवतात. “बरोबर आहे? यापेक्षा कमी लिहा म्हणाल तर लिहिणार नाही, जास्तही लिहिणार नाही.” आई म्हणते, “खरं हाय ते लिवा.” पाच मिनिटांपूर्वी पाहिलेल्या घराच्या वर्षभराच्या मिळकतीखाली सही करायची, हे काम जोखमीचं आहे. सगळेच सज्जे असे आहेत, सगळ्याच जूनमध्ये अशी रांग असते. पण हिशेब कागदावर मांडला तर उद्या कुणी विचारलं तरी उत्तर आहे. मुलगी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते आणि पळतच एसटी गाठायला जाते.

दुपारी दोन भाऊ वारसनोंदीचा अर्ज घेऊन येतात. वडील चैत्रात वारले. मृत्यूचा दाखला आहे, प्रतिज्ञापत्र आहे, वारस म्हणून आई आणि दोघे मुलगे. कागद चोख आहेत. मॅडम वाचतात आणि मान वर करून विचारतात, “बहिणी?”

थोरला भाऊ जरा थांबून म्हणतो, “हायत की. पण त्यान्ला कायबी नकोय. लग्नं झाली, सुखात हायत.”

“किती?”

उत्तर तात्या देतात. “दोन व्हत्या. थोरली उमरग्याला दिल्याली. धाकटी करोनात गेली. तिची दोन लेकरं हायत, बापाकडं.”

“मग तिघं नाही, सहा नावं होतात. आई, तुम्ही दोघे, उमरग्याच्या ताई, आणि धाकट्या ताईंची दोन्ही मुलं.”

धाकट्या भावाचा आवाज चढतो. आधीचे भाऊसाहेब असं करत नव्हते, तुम्ही नवीन आहात, गावाची रीत वेगळी आहे. मॅडम आवाज वाढवत नाहीत. “दादा, ताईंना हिस्सा नको असेल तर त्या हक्कसोडपत्र करून देतील, ते दुय्यम निबंधकाकडं नोंदवून घ्या, मी त्याची वेगळी नोंद धरते. पण नाव लागल्याशिवाय सोडणार काय? आणि त्या लेकरांच्या वतीनं तुम्ही ‘नको’ म्हणू शकत नाही. नवं प्रतिज्ञापत्र करून आणा. तोवर मी पोलीस पाटलांचा जबाब घेऊन ठेवते, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही.”

भाऊ अर्ज उचलून बाहेर जातात. ओट्यावर बराच वेळ बोलणं चालतं. मॅडमचा हात थोडा थरथरतोय, पेन खाली ठेवून त्या पाणी पितात. मग शेजारच्या सज्जातल्या ज्येष्ठ तलाठ्यांना फोन लावतात आणि सगळी हकीकत सांगून विचारतात, “सर, माझं बरोबर आहे ना?” पलीकडून काय उत्तर येतं ते ऐकू येत नाही, पण त्या ‘हो सर, सहा-क ला सहाही नावं’ असं म्हणत लिहून घेतात. कायदा त्यांना पाठ आहे. तरी विचारायला त्या लाजत नाहीत, आणि चावडीत माणसं असताना, सगळ्यांच्या समोर विचारतात. गावापुढं अडाणी दिसायचं नाही म्हणून गप्प राहणारे अधिकारी मी बरेच पाहिलेत. त्यांच्या त्या गप्प राहण्याची किंमत लोक तारखांवर तारखा घालवून मोजतात. मला तर या उघड विचारण्यानं विश्वासच वाटतो. थोड्या वेळानं थोरला भाऊ एकटाच आत येतो आणि प्रतिज्ञापत्रात लेकरांची नावं कशी घालायची ते विचारतो.

रात्री वळीव येतो. वारा असा की पत्रे फडफडून उडतात, आणि पाठोपाठ विजा.

सकाळी साडेसहाला मॅडम ओढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचल्यात. बांधावरच्या लिंबाखाली खिलार बैल आडवा पडलाय. दावं अजून खुंट्याला आहे. मालक दोन पावलांवर उकिडवा बसलाय, जोडीतला दुसरा बैल लांब बांधलाय आणि तो सारखा इकडं तोंड करून हंबरतोय. पशुवैद्यकीय डॉक्टर यायला निघालेत.

मॅडमनी आयुष्यात पंचनामा लिहिलेला नाही. मोबाईलवर त्यांनी नमुना मागवून घेतलाय: ‘आम्ही खाली सह्या करणार पंच, समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की…’ त्या लिहायला बसतात. तारीख, वेळ, गट नंबर, चतुःसीमा. पूर्वेला ओढा, पश्चिमेला अमुक गट. चतुःसीमा सांगताना तात्यांना विचारावं लागत नाही. परवाच्या फेरीत हा बांध चालून झालाय. झाड कुठलं, झाडापासून खुंटा किती फुटांवर, झाडाची साल कुठं फाटलीय. मग बैलाचं वर्णन. इथं त्या थांबतात.

“वय कसं लिहू तात्या?”

तात्या बैलाचा ओठ वर करून दाखवतात. “दात जुळल्यात बगा. आठ वर्सांचा म्हना. रंग कोसा न्हाई, पांडरा. डावं शिंग टोकाला झिजलंय, ते लिवा. आन कानातला बिल्ला लिवा आदी, त्याबिगर काय बी फुडं जात न्हाई.”

पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर मॅडम दोनदा वाचून लिहितात, फोटो काढतात. डॉक्टर आल्यावर त्यांच्याकडून पुन्हा ताळा करून घेतात. शवविच्छेदन होतं. वीज पडल्याच्या खुणा डॉक्टर दाखवतात आणि मॅडम तोंड न फिरवता बघतात.

मालक पहिल्यांदाच बोलतो. “मॅडम, किती मिळत्याल?”

“ओढकामाच्या बैलाला बत्तीस हजाराचा निकष आहे दादा. कधी मिळतील ते मला सांगता येणार नाही. पण कागद अपुरे म्हणून अडणार नाही, एवढं माझ्याकडं लागलं.”

बाजारात अशी जोडी लाखाच्या पुढं आहे, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत आहे. पेरणी आठ दिवसांवर आलीय. तात्या हळूच शेजारच्या शेतकऱ्याला बाजूला घेतात. त्याच्याकडंही एकच बैल आहे. वारंगुळ्याचं बोलणं तिथंच सुरू होतं.

तिथून गावात. बारा-तेरा घरांचे पत्रे उडालेत. अंशतः पडझडीच्या मदतीला निदान पंधरा टक्के नुकसान दिसावं लागतं. पक्क्या घराला साडेसहा हजार, कच्च्याला चार. पंधरा टक्के डोळ्यांनी कसे मोजायचे? पहिल्या घरापाशी मॅडम क्षणभर उभ्या राहतात आणि मग इंजिनिअर बाई कामाला लागते. एकूण पत्रे बावीस, उडालेले पाच, वाकलेले दोन, मागची भिंत टेपनं मोजून तडा सात फूट. टक्के शेवटी. आधी मोजलेलं सगळं लिहायचं, घरमालकाला वाचून दाखवायचं, पंचांची सही घ्यायची. तिसऱ्या घरापर्यंत पद्धत बसते. पाचव्या घरी तर पंचच पत्रे मोजून आधी आकडा सांगायला लागतात. एक जण जुना मोडका पत्रा आणून ढिगात ठेवतो, तेव्हा शेजारचाच ओरडतो, “आरं, मॅडम मोजत्यात!” आणि तो पत्रा परत जातो.

एक वाजता तहसीलमधून फोन येतो. मॅडम स्पीकरवर घेतात, कारण दोन्ही हातांत टेप आहे.

“मॅडम, दोन वाजता जिल्ह्याला रिपोर्ट द्यायचाय. तुमच्या तिन्ही गावांची पडझड किती? जनावरं किती?”

“सर, दोन गावं पाहून झालीत. घरं एकोणीस, बैल एक. तिसरं गाव अजून पाहिलेलं नाही.”

“तिसऱ्याचं अंदाजे सांगा ना. पोलीस पाटलाला विचारून टाका.”

“पोलीस पाटील सात घरं म्हणतायत. ती सात वेगळी लिहा, पुढं ‘प्राथमिक, पाहणी बाकी’ असं टाका सर. एकोणीसमध्ये मिळवू नका. पाहून झालं की संध्याकाळपर्यंत पक्का आकडा कळवते.”

पलीकडं क्षणभर कागदाचा आवाज येतो. “बरं. प्राथमिक सात. पण संध्याकाळी नक्की.”

“नक्की सर.”

तात्यांनी गाडीला किक मारलीय. पंच म्हणून आलेले दोघं विचारतात की तिकडंही आम्ही येऊ का. मॅडम म्हणतात, “नको काका, तिकडचे पंच तिकडचेच घ्यावे लागतील.” मग वही उघडून त्या तात्यांना विचारतात, “तिथं दोन वाड्या आहेत ना? कुठल्या वाडीला आधी रस्ता बंद होतो पाऊस आला की?”

“खालल्या.”

“मग आधी खालची.”